पात्र कोणाचं? इंदूरच्या एका विज्ञानकथा आणि बालसाहित्य लेखिकेच्या कराराचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून व्यक्ती, प्रकाशन आणि पुस्तकाचे काही तपशील बदलले आहेत. आकडे या प्रकरणापुरते आहेत, ते बाजाराचा दर म्हणून धरू नयेत.)

पार्श्वभूमी

लेखिका इंदूरच्या, मराठी घरातल्या, एका खासगी शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या. २०१३ पासून दिवाळी अंकांतून मोठ्यांसाठी विज्ञानकथा लिहीत होत्या. वर्षाला दोन, फार तर तीन कथा. मानधन कुठे ५०० रुपये, कुठे २,०००, तर एक-दोन ठिकाणी नुसता अंक घरपोच. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात, पण संपादकाच्या हातात कथा जून-जुलैपर्यंत पडावी लागते. म्हणजे लिहिण्याचा काळ मार्च ते मे. शिक्षिकेच्या वर्षात नेमके हेच महिने परीक्षेचे, पेपर तपासणीचे आणि मग सुट्टीचे. या वेळापत्रकाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण सगळी ओढाताण तिथूनच सुरू झाली.

इंदूरला मराठी लेखनाची परंपरा जुनी आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरलं. महाराष्ट्र साहित्य सभेसारखी शंभरी ओलांडलेली संस्था आहे, वाचनालयं आहेत, दिवाळी अंकांची वर्गणी भरणारी घरं आहेत. पण पुस्तक निघतं आणि विकलं जातं ते पुण्या-मुंबईत. शिवाय इथली मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात आजीशी अस्खलित मराठी बोलणारं दहा वर्षांचं पोर मराठी पान वाचताना अडखळतं. लिपी एकच असली तरी वाचनाचा सराव नसतो. मुलांसाठी लिहिणाऱ्याला ही गोष्ट सोयीची नाही, पण ती नजरेआड करून चालत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात लेखिकेनं पहिल्यांदा मुलांसाठी लिहायला घेतलं. कल्पना अशी: इंदूरच्या एका मुलीची सावली वर्षातल्या एका ठरावीक क्षणी पायांपासून सुटते आणि स्वतंत्र फिरू लागते. पुढच्या मे महिन्यात ३२,००० शब्दांचं हस्तलिखित तयार झालं.

हस्तलिखितातल्या तीन अडचणी

पहिली अडचण लांबीची. दहा ते तेरा वयोगटाच्या पुस्तकाला डेमी (पुस्तकांच्या एका नेहमीच्या) आकारात, १४ पॉइंट अक्षरात एका पानावर साधारण २०० शब्द बसतात. ३२,००० शब्दांची १६० पानं, वर चित्रं आणि सुरुवातीची पानं. छपाई सोळा पानी फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या गटाच्या, हिशेबानं चालते, म्हणून हे पुस्तक ११ फॉर्म, १७६ पानांवर गेलं असतं आणि किंमत २२० रुपयांच्या पुढे. नव्या लेखिकेचं मुलांचं पुस्तक या किमतीला उचललं जात नाही. पुण्याच्या ज्या प्रकाशकाकडे हस्तलिखित गेलं त्यांच्या संपादकांनी २४,००० शब्दांची मर्यादा घातली: १२० पानं मजकूर, आठ पानं चित्रं आणि बाकीचं, एकूण १२८. बरोबर आठ फॉर्म.

कापायचं काय, हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. प्रकाशाचं परावर्तन, अपवर्तन आणि पृथ्वीच्या अक्षाचा कल समजावणारी तीन प्रकरणं होती, तीही एका काकांच्या तोंडून. संपादकांचा शेरा नेमका होता: "ताई, पोरांना सावली हवीये, काकांचा तास नको." मोठ्यांची विज्ञानकथा लिहिणाऱ्याला ही सवय सोडणं जड जातं. तिथला वाचक स्पष्टीकरणासाठी थांबतो. मुलांचा वाचक तेवढं पान उलटून पुढे जातो आणि पुढे गोष्ट कळली नाही की पुस्तक मिटतो.

दुसरी अडचण विज्ञानाची, आणि सर्वांत शिकण्यासारखी. हस्तलिखितात सावली २१ जूनला, दुपारी बाराच्या ठोक्याला, राजवाड्यासमोर नाहीशी होत होती. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून निवृत्त झालेल्या एका शास्त्रज्ञांनी मसुदा वाचून दोन्ही चुका दाखवल्या.

इंदूर साधारण २२.७२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. सूर्य इथे वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, एकदा ७ जूनच्या आसपास उत्तरेकडे जाताना आणि एकदा ५ जुलैच्या आसपास परतताना. २१ जूनला तो इंदूरच्या डोक्यावरून सुमारे पाऊण अंश उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवशी एक मीटर उंचीच्या काठीची माध्यान्हीची सावली सव्वा सेंटिमीटर असते आणि ती दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षभर माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडणाऱ्या शहरात हे चार आठवडे उलटे असतात.

वेळेचंही तसंच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, इंदूर ७५.८६ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर फरक साडेसव्वीस मिनिटांचा. कालसमीकरणाची (सूर्याची वेळ वर्षभरात घड्याळाच्या थोडी मागेपुढे होते, त्या फरकाची) किरकोळ दुरुस्ती धरून जूनच्या पहिल्या आठवड्यात इथली खरी माध्यान्ह १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास होते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १२ वाजून ३१ च्या आसपास. घड्याळात बारा वाजतात तेव्हा मीटरभर काठीची सावली अजून दहा-अकरा सेंटिमीटर पश्चिमेला पडलेली असते.

इथे निर्णयाचा पहिला मुद्दा आला. संपादकांचं म्हणणं, ही कल्पित गोष्ट आहे, सावली उठून चालू लागते तिथे दोन आठवड्यांच्या फरकानं काय बिघडतं? लेखिकेनं मात्र दुरुस्तीचा पक्ष घेतला, आणि आमच्या मते तोच बरोबर होता. मुलांच्या कल्पितात अशक्य गोष्ट एकच असावी. तिच्याभोवतीचं बाकी सगळं खरं असेल तरच वाचक त्या एका अशक्याला हो म्हणतो. त्यातून ही गोष्ट अशी की कुठलंही पोर अंगणात काठी रोवून ती तपासू शकतं. पुस्तकात २१ जून असता तर इंदूरच्या हुशार पोरानं नेमका त्याच दिवशी प्रयोग केला असता आणि पुस्तक खोटं ठरलं असतं.

दुरुस्तीनं कथानकही सुधारलं. सूर्य डोक्यावर असताना मीटरभर काठीची सावली मिनिटाला सुमारे चार मिलिमीटरनं वाढते. म्हणजे ती एक सेंटिमीटरच्या आत राहते ते जेमतेम पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत जे व्हायचं ते व्हायला हवं, असा धावता प्रसंग आयता हाती आला. ७ जूनला सुटलेली सावली परत जोडायची दुसरी संधी ५ जुलैला, आणि तोवर माळव्यात पावसाळा लागलेला. ढग असले तर? सगळ्या उत्तरार्धाचा ताण या एका प्रश्नावर उभा राहिला. आधीच्या मसुद्यात तिथे एक खलनायक होता, तो काढून टाकता आला.

तिसरी अडचण बोलीची. पात्रं इंदूरची, त्यांच्या मराठीत हिंदीचा सडा. मित्राला "भिया" म्हणणारी, सकाळी पोहे-जिलेबी खाऊन बाहेर पडणारी. पुण्यातल्या संपादकांना हे "अशुद्ध" वाटलं. शेवटी तडजोड झाली: निवेदन प्रमाण मराठीत, संवाद इंदुरी. ही तडजोड पुढे कामाची ठरली, कारण पुस्तकाबद्दल जे काही लिहिलं-बोललं गेलं त्यात संवादांचं कौतुक सर्वांत जास्त होतं.

खरी अडचण: प्रकाशकाचा प्रस्ताव

ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक स्वीकारलं आणि दीड पानाचा करार पाठवला. मुख्य अटी अशा: एकरकमी २५,००० रुपये, त्या बदल्यात पुस्तकाचे सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व भाषांत आणि "सध्याच्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत", त्याच पात्रांवरची पुढची पुस्तकं लिहून घेण्याचा किंवा इतरांकडून लिहवून घेण्याचा अधिकार प्रकाशकाकडे.

सहा वर्षांत दिवाळी अंकांतून एकूण पंधरा हजारही न मिळालेल्या माणसाला २५,००० मोठे वाटतात. घरच्यांचं मत होतं, सही करून मोकळं व्हावं.

प्रकाशकाची बाजूही समजून घ्यायला हवी. १६० रुपये किमतीच्या पुस्तकावर विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली की हाती ९६ रुपये राहतात. हजार प्रतींच्या आवृत्तीत कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीमागे ४८, चित्रं, मुखपृष्ठ आणि अक्षरजुळणी धरून २४. दहा टक्के मानधन दिलं तर आणखी १६. उरले आठ रुपये. त्यात कार्यालय, गोदाम, वाहतूक, आणि न विकलेल्या प्रतींचा भार. अशा व्यवहारात प्रकाशक "सगळे हक्क" मागतो ते लबाडी म्हणून नव्हे. दहातलं एखादं पुस्तक चाललं तर त्याची सगळी फळं आपल्याकडे असावीत, एवढीच त्याची इच्छा असते. लेखकानं मात्र ते द्यायलाच हवेत, असं नाही.

तोललेले पर्याय

एकरकमी घेणं हा पहिला पर्याय. हिशेब सोपा आहे: १६० च्या दहा टक्क्यांनी प्रतीमागे १६ रुपये, म्हणजे २५,००० गाठायला १,५६३ प्रती विकल्या जायला हव्यात. पहिली आवृत्ती हजाराची. दुसरी निघालीच नाही तर एकरकमी रक्कम फायद्याची. म्हणजे २५,००० घेणं ही दुसरी आवृत्ती निघणार नाही यावर लावलेली पैज होती. आणि ती पैज हरली तर पात्रही जाणार होतं.

दुसरा पर्याय टक्केवारीचा. यात एक खोच असते, ती नवख्याच्या लक्षात येत नाही. दहा टक्के कशावर? छापील किमतीवर असेल तर १६ रुपये. प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या निव्वळ रकमेवर असेल तर ९ रुपये ६० पैसे. करारात नुसतं "विक्रीवर १० टक्के" लिहिलेलं असतं आणि पहिल्या हिशेबाच्या वेळी वाद होतो.

तिसरा, स्वतः छापणं. इंदूरच्या एका छापखान्यानं ३०० प्रतींसाठी प्रतीमागे ८२ रुपये सांगितले, म्हणजे २४,६००. चित्रं आणि मुखपृष्ठ वेगळे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, ती अडचण नव्हती. नमुना पानं आली तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली: छापखान्याकडचे सगळे टंक (फॉन्ट) हिंदीचे. ल आणि श हिंदी वळणाचे, ऱ्य आणि ऱ्ह जागोजागी तुटलेले, "दुसऱ्या"मधला अर्धा र पूर्ण रफार होऊन भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित करताना ल आणि श यांची मराठी वळणं ठरवून दिली. तीच वळणं पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांना सवयीची. गंमत अशी की इंदूरच्या मुलांना उलट हिंदी वळणंच वाचायला सोपी जातात. पण विक्री महाराष्ट्रात व्हायची, आणि तिथल्या दुकानांत इंदूरहून ४० टक्के सुटीनं, विकेल तसे पैसे या बोलीवर प्रती ठेवणं, पार्सलचा खर्च सोसणं, पैशांसाठी फोन करत राहणं हे नोकरी सांभाळून जमण्यासारखं नव्हतं. हा पर्याय आठवडाभरात बाजूला पडला.

टोपणनावाचाही विचार झाला. मोठ्यांच्या कथा एका नावानं, मुलांचं पुस्तक दुसऱ्या. मराठीत याचं प्रसिद्ध उदाहरण आहे: जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली आणि ती पहिली आली. पण तिथे हेतू वेगळा होता. परीक्षकांनी नाव पाहून निकाल देऊ नये, एवढंच. नंतरचं सगळं लेखन त्यांनी स्वतःच्याच नावानं केलं. मराठी वाचकवर्ग लहान, वाचनालयात पुस्तकं लेखकाच्या नावानं मागितली जातात. दोन नावं घेतली तर दोन्ही अर्धी ओळखली जातात. लेखिकेनं एकच नाव ठेवलं.

करार बदलून घेताना

लेखिकेनं इंदूरच्या एका वकिलांना ३,००० रुपये देऊन मसुदा दाखवला. या सगळ्या प्रकरणात सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मधल्या ज्या गोष्टी कामाला आल्या त्या अशा.

कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो, आणि त्यात कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे नमूद असायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. प्रकाशकानं घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो आपोआप लेखकाकडे परत येतो, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. कलम १८ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनं भर पडली: करार होताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा हक्क तेव्हाच जातो, जेव्हा त्या माध्यमाचा करारात नेमका उल्लेख असतो. "पुढे येणारी सर्व माध्यमे" अशा मोघम शब्दांवर प्रकाशकानं फार विसंबू नये. पण हे सगळे आधार कोऱ्या जागांसाठी आहेत. करारात "कायमस्वरूपी, जगभर, सर्व भाषा" असं स्वच्छ लिहून सही केली तर हे आधार उपयोगी पडत नाहीत.

लेखिकेनं वाद न घालता एक पानाचं पत्र लिहिलं. मागण्या चार: मोबदला छापील किमतीवर १० टक्के, दुसऱ्या आवृत्तीपासून साडेबारा; हक्क फक्त मराठी मुद्रित आवृत्तीचे, सात वर्षांसाठी; पात्रं आणि पुढची पुस्तकं लेखिकेची, मात्र मराठीतलं पुढचं पुस्तक पहिल्यांदा याच प्रकाशकाला दाखवायचं; आणि अठरा महिन्यांत पुस्तक निघालं नाही तर हक्क परत.

प्रकाशकांनी फोनवर विचारलं, "मॅडम, हिंदीचं तुम्ही काय करणार? आमच्याकडेच राहू द्या." इंदूरमध्ये राहणाऱ्या, दोन्ही भाषा सारख्याच वापरणाऱ्या लेखिकेसाठी हा प्रश्न उलटा होता. पुस्तक जिथे घडतं त्या शहरातली मुलं ते हिंदीत वाचणार होती. अनुवाद स्वतः करता येणार होता. हिंदी हक्क सोडणं म्हणजे घराजवळचा वाचक पुण्याच्या कपाटात ठेवणं.

पात्राच्या हक्कासाठी मराठीतलंच उदाहरण पुरेसं आहे. भा. रा. भागवत १९१० मध्ये इंदूरलाच जन्मले. त्यांच्या फास्टर फेणेवर पुढे दूरदर्शनची मालिका आली आणि २०१७ मध्ये चित्रपट. भागवत २००१ मध्ये गेले होते. प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. मुलांच्या पुस्तकात पात्र पुस्तकापेक्षा जास्त जगतं, आणि त्याची किंमत पहिल्या कराराच्या दिवशी कुणालाच ठरवता येत नाही.

प्रकाशकांनी चारही मागण्या मान्य केल्या, दोन भर घालून. साठ प्रती भेट आणि अभिप्रायासाठी, त्यांवर मोबदला नाही. शाळा किंवा संस्थांना ५० टक्के सुटीनं एकगठ्ठा विक्री झाली तर त्या प्रतींवर ५ टक्केच. आगाऊ रक्कम शून्य. नोव्हेंबर २०१९ मध्ये सही झाली.

पुढे काय झालं

पुस्तक एप्रिल २०२० मध्ये, सुट्टीच्या तोंडावर यायचं होतं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ते निघालं जानेवारी २०२१ मध्ये, अठरा महिन्यांच्या मुदतीत. एकदा मुद्रितांच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या पानांच्या, वेळी तेच जुनं दुखणं उपटलं: लेखिकेनं युनिकोडमध्ये दिलेला मजकूर प्रकाशकाच्या जुन्या टंकात फिरवला आणि सगळे ऱ्य मोडले. तीन मुद्रितं तपासावी लागली, तिसरं केवळ "ऱ्य" शोधण्यासाठी. यावर उपाय साधा आहे. फिरवण्याआधी ऱ्य आणि ऱ्ह असलेल्या शब्दांची यादी मजकुरातून काढून जुळणी करणाऱ्याला द्यावी आणि मुद्रितात फक्त ते शब्द आधी पाहावेत.

हजार प्रती संपायला २०२३ चा मार्च उजाडला. हिशेब असा: ६० भेट, २०० प्रती एका संस्थेला विशेष सुटीनं, त्यांचे प्रतीमागे ८ प्रमाणे १,६००; उरलेल्या ७४० चे १६ प्रमाणे ११,८४०. एकूण १३,४४०. दुसरी आवृत्ती १९० रुपये किमतीला निघाली, साडेबारा टक्क्यांनी प्रतीमागे २३ रुपये ७५ पैसे. मार्च २०२५ पर्यंत ६१० प्रती गेल्या, १४,४८७ रुपये. दोन्ही मिळून २७,९२७.

म्हणजे नाकारलेल्या २५,००० रुपयांना गाठायला मराठी आवृत्तीला चार वर्षं लागली, आणि गाठलं तेही थोडक्यात. निव्वळ मराठी पुस्तकाच्या पैशांवर पाहिलं तर प्रकाशकाचा प्रस्ताव वाईट नव्हता, हे मान्य करायला हवं. फरक पडला तो बाजूच्या हक्कांनी. हिंदी आवृत्तीला २०२३ मध्ये २०,००० आगाऊ मिळाले, श्राव्य पुस्तकाला १५,०००. ते ३५,००० एकरकमी करारात दुसऱ्याचे झाले असते. आणि दुसऱ्या पुस्तकाची बोलणी लेखिका आपल्या अटींवर करू शकली.

(कराबद्दल एक ओळ: या वर्षांत पुस्तकांच्या मानधनावर आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-क्यूक्यूबीची वजावट होती, पण ती जुन्या करपद्धतीतच, आणि पैसे देणाऱ्याकडून नमुना १०-सीसीडी घ्यावा लागे. नव्या पद्धतीत गेलेल्यांना ती नव्हती.)

दुसऱ्या पुस्तकात मुलगी ग्वाल्हेरला मामाकडे जाते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. २१ जूनलासुद्धा मीटरभर काठीची सावली पाच सेंटिमीटर उरतेच. म्हणजे तिथे सावली सुटूही शकत नाही आणि जोडलीही जाऊ शकत नाही. पहिल्या पुस्तकात नियम घट्ट बांधला नसता तर दुसऱ्याचं कथानक सुचलंच नसतं.

मोठ्यांच्या विज्ञानकथांचं मात्र नुकसान झालं. मार्च ते मे हाच कथा लिहिण्याचा काळ, आणि तो मुलांच्या पुस्तकांनी खाल्ला. २०२० ते २०२३ मध्ये दिवाळी अंकांत मिळून तीनच कथा आल्या. दोन संपादकांनी विचारणं बंद केलं. नऊ कथांचा संग्रह २०२४ मध्ये निघाला, तोही दुसऱ्या प्रकाशकाकडून. लेखिकेनं आता वर्षाला एक कथा असा नेम ठेवला आहे आणि ती डिसेंबरच्या सुट्टीतच लिहून ठेवतात.

काय वेगळं करता आलं असतं

दुसरं पुस्तक पहिल्यानंतर तब्बल अडीच वर्षांनी आलं. मोठ्यांच्या पुस्तकाला हे चालतं. मुलांच्या मालिकेत अकराव्या वर्षी पहिलं पुस्तक वाचलेला वाचक तोवर साडेतेरा वर्षांचा झालेला असतो आणि त्याला सावलीच्या गोष्टीची लाज वाटू लागते. प्रत्येक पुस्तकाला वाचक नव्यानं मिळवावा लागतो. पहिलं पुस्तक छापायला जाण्याआधी दुसऱ्याचा कच्चा मसुदा तयार हवा. टाळेबंदीत पुस्तक नऊ महिने अडकून पडलं, तो वेळ त्यासाठी होता. पण त्या काळात ऑनलाइन वर्गांनी लेखिकेला श्वास घेऊ दिला नाही, हेही तितकंच खरं.

सर्वांत महागात पडलेली गोष्ट मात्र करारात नसलेली होती. चित्रांबद्दल एक शब्दही लिहिला गेला नाही. आतली चित्रं आणि मुखपृष्ठ प्रकाशकानं एका तरुण चित्रकर्तीकडून पैसे देऊन करून घेतलं होतं. प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. हिंदी प्रकाशकानं तीच चित्रं मागितली तेव्हा मराठी प्रकाशकानं १८,००० रुपये सांगितले. हिंदीवाल्यांनी नवीन चित्रकार घेतला. मराठीतली दोन वेण्यांची, सडपातळ मुलगी हिंदीत कुरळ्या केसांची आणि चष्मेवाली झाली. इंदूरच्या घरांत दोन्ही पुस्तकं पोचली आणि मुलांनी दोन वेगळ्या गोष्टी समजून वाचली. पात्राचे हक्क लेखिकेनं राखले होते, पात्राचा चेहरा राखला नव्हता. मूळ चित्रकर्तीलाही हिंदीतून काही मिळालं नाही.

तिसऱ्या पुस्तकाच्या मसुद्यात आता चित्रांचं स्वतंत्र कलम आहे. चित्रांचा प्रताधिकार चित्रकर्तीकडे राहील. मराठी प्रकाशकाला सात वर्षांचा वापर. इतर भाषांतल्या आवृत्त्यांसाठी त्या-त्या भाषेचा प्रकाशक चित्रकर्तीला दर भाषेमागे ५,००० रुपये थेट देईल. मूळ फाइल ३०० डीपीआयमध्ये, मजकुराविना, लेखिकेकडे एक आणि चित्रकर्तीकडे एक. मराठी प्रकाशकानं हे कलम अजून मान्य केलेलं नाही. त्यांना भाषेमागच्या रकमेत निम्मा वाटा हवा आहे. चित्रकर्तीची तयारी एक तृतीयांशापर्यंत आहे. बोलणी चालू आहेत आणि हस्तलिखित तोवर दिलेलं नाही.